पावलाची शस्त्रक्रिया : वेदना, सूज आणि पुन्हा चालू लागण्याचा काळ

पावलावरील बहुतेक शस्त्रक्रिया तास-दोन तासांत आटोपतात. अनेक रुग्ण त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी जातात. परंतु नेहमीची चप्पल घालून, जिने चढून-उतरून, गर्दीच्या लोकलमध्ये उभे राहून कामावर जाण्याइतके तेच पाऊल पूर्ववत होण्यास तीन महिन्यांपासून एक वर्षापर्यंतचा काळ लागू शकतो. ही तफावत आधी ठाऊक नसेल तर रुग्णाची दोन प्रकारे फसगत होते. एक तर सहाव्या आठवड्यात संध्याकाळी सुजणारे पाऊल पाहून शस्त्रक्रिया फसली असा समज करून घेतला जातो. नाही तर वेदना थांबली म्हणजे पाऊल बरे झाले असे मानून प्लॅस्टर किंवा आधाराचा बूट मुदतीपूर्वीच काढून ठेवला जातो. दोन्ही चुकांचे मूळ एकच आहे. वेदना कमी होणे आणि जखम भरून येणे या दोन गोष्टी बरोबरीने चालत नाहीत. कोणत्या टप्प्यावर कोणते दुखणे अपेक्षित आहे आणि कोणते दुखणे धोक्याची सूचना देणारे आहे, हे ओळखता येणे हाच शस्त्रक्रियेनंतरच्या काळजीचा गाभा होय.

पावलाची घडण

प्रत्येक पावलात २६ हाडे, तीसहून अधिक सांधे आणि शंभराहून अधिक स्नायू, कंडरा व अस्थिबंध असतात. प्रौढ माणसाच्या शरीरातील २०६ हाडांपैकी ५२, म्हणजे जवळजवळ एक चतुर्थांश हाडे दोन पावलांत एकवटलेली आहेत. टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत तळव्यातून जाणारा 'प्लांटर फॅशिया' नावाचा चिवट पट्टा पावलाची कमान ताणून धरतो. पोटरीचे स्नायू अकिलीस कंडरेने टाचेला जोडलेले असतात. ही शरीरातील सर्वांत जाड व बळकट कंडरा आहे.

पाऊल बरे होण्यास वेळ का लागतो, याची कारणे या रचनेतच दडलेली आहेत. हाताला झालेली जखम झोळीत ठेवून सांभाळता येते. पावलाला मात्र उभे राहताच सर्व शरीराचा भार पेलावा लागतो. शिवाय पाऊल हृदयापासून सर्वांत दूर आहे. तेथील रक्त गुरुत्वाकर्षणाविरुद्ध वर नेण्याचे काम पोटरीचे स्नायू आकुंचन-प्रसरण पावून करीत असतात. चालणे बंद झाले की हा पंप थंडावतो, द्रव खाली साठतो आणि सूज येते. पावलाच्या वरच्या बाजूस चरबीचा थर अगदी कमी असल्याने सुजेला पसरण्यास जागा मिळत नाही. त्यामुळे थोडी सूजही ताण आणि ठणका निर्माण करते.

दुखण्याची नेहमीची कारणे

प्रौढांमधील पावलाच्या तक्रारींत टाचदुखीचा क्रमांक वरचा आहे. सकाळी अंथरुणातून उठून टाकलेल्या पहिल्या काही पावलांना टाचेत तीव्र कळ येणे आणि थोडे चालल्यावर ती सैल पडणे, हे प्लांटर फॅशियाच्या दुखण्याचे खास लक्षण. दीर्घकाळ उभ्याने काम, वाढलेले वजन, पातळ तळव्याची पादत्राणे आणि घरात कठीण फरशीवर अनवाणी वावरणे या गोष्टी त्यात भर घालतात. क्ष-किरण चित्रात टाचेच्या हाडाला वाढ दिसली की तीच दुखण्याचे कारण ठरवली जाते. प्रत्यक्षात अशी वाढ मुळीच न दुखणाऱ्या अनेकांच्या टाचेतही आढळते. पोटरी व तळव्याचे ताणाचे व्यायाम, मऊ तळव्याची चप्पल आणि वजनावर नियंत्रण एवढ्यावर बहुसंख्य रुग्ण काही महिने ते वर्षभरात बरे होतात. शस्त्रक्रियेची वेळ फार थोड्यांवर येते.

अंगठा बोटांकडे कलणे आणि त्याच्या मुळाशी हाड पुढे येणे, या विकाराला 'हॅलक्स व्हॅल्गस' म्हणतात. तो स्त्रियांमध्ये अधिक आढळतो. आनुवंशिकता हे त्याचे एक मोठे कारण असून निमुळत्या व उंच टाचांच्या पादत्राणांनी तो बळावतो. तिसऱ्या व चौथ्या बोटांच्या मधील चेतातंतूभोवती जाडसरपणा येऊन चवड्यात जळजळ होणे, चपलेत खडा असल्यासारखे वाटणे हे 'मॉर्टन न्यूरोमा'चे लक्षण. फिलाडेल्फियाचे शल्यचिकित्सक थॉमस मॉर्टन यांनी १८७६ मध्ये या दुखण्याचे वर्णन केले होते. याखेरीज घोट्याचे अस्थिभंग, अकिलीस कंडरा तुटणे, संधिवाताने झिजलेले सांधे आणि सपाट पाऊल ही पावलाच्या शस्त्रक्रियांची नेहमीची कारणे आहेत.

शस्त्रक्रियेचा निर्णय

मोडलेले व सरकलेले हाड किंवा पसरता जंतुसंसर्ग सोडल्यास पावलाच्या बहुतेक शस्त्रक्रिया तातडीच्या नसतात. त्यामुळे निर्णय घेण्यास रुग्णाकडे वेळ असतो. हाड पुढे आले आहे, परंतु दुखत नाही, अशा स्थितीत केवळ पाऊल सुबक दिसावे म्हणून शस्त्रक्रिया करून घेणे शहाणपणाचे मानले जात नाही. कारण न दुखणारे पाऊल शस्त्रक्रियेनंतर दुखू लागण्याची शक्यता, कमी असली तरी, असतेच. योग्य पादत्राणे, व्यायाम व औषधे यांचा पुरेसा काळ उपयोग करूनही चालणे मर्यादित होत असेल तर शस्त्रक्रियेचा विचार करावा.

शस्त्रक्रियेपूर्वी डॉक्टरांना काही प्रश्न स्पष्टपणे विचारणे आवश्यक आहे. पावलावर भार टाकण्यास किती दिवस मनाई असेल? प्लॅस्टर, बूट की विशेष चप्पल? कामावर केव्हा जाता येईल? बसून काम करणाऱ्यास दोन ते सहा आठवड्यांत कामावर परतता येते, तर दिवसभर उभे राहणाऱ्या शिक्षकाला, परिचारिकेला वा दुकानातील विक्रेत्याला तीन महिनेही लागू शकतात. रजेचे व पैशांचे गणित या उत्तरावर अवलंबून असते.

घराची तयारीही आधीच करावी. उद्वाहक नसलेल्या इमारतीत वरच्या मजल्यावर राहणाऱ्याने कुबड्यांवर जिना चढण्या-उतरण्याचा सराव शस्त्रक्रियेपूर्वी करून घ्यावा. भारतीय पद्धतीच्या शौचालयात उकिडवे बसणे अनेक आठवडे शक्य होत नाही. त्यासाठी कमोडची खुर्ची आणून ठेवावी. न्हाणीघरात प्लॅस्टिकचे स्टूल व धरण्यासाठी दांडी असावी. सैल सतरंज्या, पायपुसणी व वायरी वाटेतून हलवाव्यात. तंबाखूचा प्रश्न तर फारच महत्त्वाचा आहे. निकोटिनमुळे सूक्ष्म रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, जखम उशिरा भरते आणि कापलेले हाड न जुळण्याचा धोका वाढतो. हे सिगारेट-बिडीला लागू आहे तसेच गुटखा व मिश्रीलाही. शस्त्रक्रियेच्या किमान चार आठवडे आधी तंबाखू सोडणे आणि हाड जुळेपर्यंत तिच्यापासून दूर राहणे हिताचे.

पहिले दोन आठवडे

या काळातील मुख्य शत्रू सूज हा आहे. पाऊल केवळ स्टुलावर टेकवणे पुरेसे नसते. ते हृदयाच्या पातळीपेक्षा वर राहिले पाहिजे. म्हणजेच पाठीवर आडवे होऊन पोटरीखाली दोन-तीन उशा घ्याव्या लागतात. टाच उशीवर दाबली जाणार नाही याकडे लक्ष द्यावे. जेवण व नैसर्गिक विधी यांपुरतेच पाऊल खाली सोडावे. खाली सोडताच ते लाल-जांभळे होऊन ठणकू लागते आणि वर घेतल्यावर काही मिनिटांत निवळते. हे या टप्प्यावर स्वाभाविक आहे.

बर्फाचा शेक कापडात गुंडाळून एका वेळी १५ ते २० मिनिटे द्यावा. पट्टी जाड असल्यास तो गुडघ्यामागे देण्याचा सल्ला दिला जातो. पाऊल बधिर असताना मात्र बर्फ लावू नये, कारण त्वचा गारठून इजा झाली तरी कळत नाही. पट्टी कोरडी ठेवणे अत्यावश्यक आहे. स्नानाच्या वेळी पायावर प्लॅस्टिकची पिशवी घट्ट बांधून पाय टबाबाहेर किंवा स्टुलावर ठेवावा. पावसाळ्यात भिजलेली पट्टी तशीच वाळू देण्याचा प्रकार टाळावा. ती बदलून घ्यावी. टाके बहुधा दहा ते चौदा दिवसांनी काढले जातात. मधुमेही किंवा वृद्ध रुग्णांत तीन आठवडेही थांबावे लागते.

वेदनाशामकांचा योग्य उपयोग

पावलाच्या शस्त्रक्रियेत अनेकदा घोट्याजवळ किंवा गुडघ्यामागे इंजेक्शन देऊन चेतातंतू बधिर केले जातात. त्याचा परिणाम साधारण १२ ते २४ तास टिकतो. या काळात काहीच दुखत नसल्याने रुग्ण गोळ्या घेत नाही आणि मध्यरात्री बधिरता उतरताच वेदना एकाएकी उसळते. म्हणून ठरवून दिलेली गोळी बधिरता उतरण्यापूर्वीच घ्यावी आणि पहिले तीन-चार दिवस वेदनेची वाट न पाहता ठरलेल्या वेळी घेत राहावी. वाढलेली वेदना आटोक्यात आणण्यास ती वाढू न देण्यापेक्षा अधिक औषध लागते.

भिन्न मार्गांनी काम करणारी दोन औषधे थोड्या मात्रेत देणे, हे एकच औषध मोठ्या मात्रेत देण्यापेक्षा श्रेयस्कर मानले जाते. पॅरासिटामॉल हा त्याचा पाया. निरोगी प्रौढाने ते चोवीस तासांत ४ ग्रॅमपेक्षा अधिक घेऊ नये. यकृताचा विकार, मद्यपान किंवा कमी वजन असल्यास मर्यादा आणखी खाली येते. सर्दी-तापाच्या अनेक गोळ्यांतही पॅरासिटामॉल असते, हे ध्यानात ठेवावे. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारखी औषधे सुजेवर गुणकारी असली तरी जठराचा व्रण, मूत्रपिंडाचा विकार, हृदयविकार असलेल्यांना ती घातक ठरू शकतात. ट्रॅमाडॉलसारख्या तीव्र औषधांनी गरगरणे, मळमळ व बद्धकोष्ठता होते, तसेच त्यांची सवय लागू शकते; ती काही दिवसांपुरतीच घ्यावीत. घरातील दुसऱ्या कोणाला पूर्वी दिलेली गोळी स्वतःच्या मनाने घेणे सर्वथा टाळावे.

भार केव्हा टाकावा?

या प्रश्नाचे सर्वांना लागू पडेल असे उत्तर नाही. ते शस्त्रक्रियेच्या प्रकारावर अवलंबून असते. अंगठ्याचे हाड सरळ केल्यानंतर कठीण तळव्याच्या विशेष चपलेत टाचेवर भार देऊन बहुधा लगेच थोडे चालता येते, मात्र ती चपल साधारण सहा आठवडे वापरावी लागते. झिजलेला सांधा स्क्रूने कायमचा जोडला असेल तर सहा आठवडे किंवा त्याहून अधिक काळ पाऊल जमिनीला टेकवण्यास मनाई असते. अकिलीस कंडरेच्या उपचारात पावलाचा पुढील भाग खाली झुकलेला ठेवून, बुटातील टाचेखालच्या चकत्या टप्प्याटप्प्याने कमी केल्या जातात. पहिल्या तीन महिन्यांत ती पुन्हा तुटण्याचा धोका अधिक असतो.

घोट्याच्या अस्थिभंगात मात्र जुन्या पद्धतीत बदल होत आहे. पूर्वी शस्त्रक्रियेनंतर सरसकट सहा आठवडे भार टाकू दिला जात नसे. ब्रिटनमधील रुग्णालयांत झालेल्या आणि २०२४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, दोन आठवड्यांनी भार टाकू लागलेल्या रुग्णांची प्रगती सहा आठवडे थांबलेल्यांपेक्षा कमी प्रतीची नसल्याचे दिसले. तरीही हाडे किती तुकड्यांत मोडली आहेत, हाडांची घनता कशी आहे, मधुमेह आहे काय, यांवर निर्णय ठरतो आणि तो शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनीच घ्यावयाचा असतो. दुखत नाही, एवढ्यावरून भार टाकणे धोक्याचे आहे. स्क्रू व पट्ट्या हाडाला जागेवर धरून ठेवतात. हाड जुळण्याचे काम हाडालाच करावे लागते आणि त्याला सहा ते बारा आठवडे लागतात.

कुबड्या वापरताना भार तळहातांवर यावा, काखेवर नव्हे. काख व कुबडी यांमध्ये दोन-तीन बोटांची जागा असावी. जिना चढताना चांगला पाय आधी वर ठेवावा. उतरताना कुबड्या व दुखरा पाय आधी खाली न्यावा. एकच काठी असल्यास ती दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरावी.

सहा आठवड्यांनंतर

प्लॅस्टर निघाल्यावर दिसणारे पाऊल अनेकांना निराश करते. पोटरी बारीक झालेली असते, त्वचा कोरडी पडून तिचे पापुद्रे निघतात, घोटा आखडलेला असतो. येथून भौतिकोपचाराचे महत्त्व सुरू होते. आरंभी घोटा वर-खाली करणे, अंगठ्याने हवेत मुळाक्षरे गिरवणे, जमिनीवरील टॉवेल बोटांनी गोळा करणे असे साधे व्यायाम दिले जातात. पुढे पोटरीचा ताण, भिंतीच्या आधाराने टाचा उचलणे आणि अखेरीस एका पायावर तोल सांभाळणे असा क्रम असतो. मांडी घालून किंवा उकिडवे बसण्यासाठी घोट्याची पुष्कळ लवचीकता लागते. ती बहुधा सर्वांत शेवटी परतते आणि सांधा जोडला असल्यास पूर्णपणे परतत नाही.

या काळात दुखणे मोजण्याची एक सोपी रीत आहे. व्यायामानंतर वाढलेले दुखणे व सूज रात्रभराच्या विश्रांतीने ओसरून सकाळी पाऊल आदल्या दिवसासारखे झाले, तर श्रम योग्य होते. सकाळीही दुखणे वाढलेलेच असेल तर आदल्या दिवशी अती झाले असे समजून प्रमाण कमी करावे, पण व्यायाम बंद करू नये. व्रणाभोवती बधिरता किंवा विजेच्या सूक्ष्म झटक्यांसारख्या चमका जाणवणे हे बहुधा चेतातंतू पुन्हा वाढत असल्याचे चिन्ह असते. त्यांची वाढ दिवसाला साधारण एक मिलिमीटर एवढ्या मंद गतीने होते. संध्याकाळची सूज तीन ते सहा महिने, क्वचित वर्षभर राहू शकते. नवी पादत्राणे विकत घेण्याची घाई म्हणूनच करू नये.

वाहन चालवण्याबाबत विशेष दक्षता हवी. मोटारीचा ब्रेक उजव्या पायाने, तर बहुतेक मोटारसायकलींचा ब्रेक उजव्या व गिअर डाव्या पायाने चालतो. शिवाय दुचाकी थांबवताना जमिनीवर पाय टेकावा लागतो. अचानक ब्रेक दाबण्याची क्षमता शस्त्रक्रियेनंतर साधारण सहा ते नऊ आठवड्यांनी, बूट निघाल्यावर व पूर्ण भार टाकता येऊ लागल्यावरच पूर्ववत होते.

धोक्याच्या खुणा

पुढील लक्षणे दिसल्यास पुढच्या तपासणीची तारीख येण्याची वाट पाहू नये. पाऊल उंच ठेवूनही न उतरणारी, दिवसागणिक वाढणारी वेदना; जखमेभोवती पसरणारी लाली, ऊब, पू किंवा दुर्गंधी; थंडी वाजून ताप; बोटे निळसर, पांढरी किंवा थंडगार पडणे; प्लॅस्टर आवळल्यासारखे वाटून बोटे हलवताना असह्य कळ येणे. यांतील शेवटच्या दोन लक्षणांत तासांचा विलंबही महाग पडू शकतो.

पोटरीत दुखणे, ती कडक व उष्ण होणे आणि पाय सुजणे ही शिरेत रक्ताची गुठळी झाल्याची लक्षणे असू शकतात. अशा पोटरीला तेल लावून चोळणे धोक्याचे आहे. ती गुठळी सुटून फुप्फुसात गेल्यास जीव धोक्यात येतो. एकाएकी दम लागणे, छातीत कळ येणे किंवा थुंकीतून रक्त पडणे असे झाल्यास रुग्णाला थेट रुग्णालयात न्यावे.

काही थोड्या रुग्णांमध्ये जखम भरल्यावरही वेदना प्रमाणाबाहेर वाढते. चादरीचा स्पर्शही सहन होत नाही, त्वचेचा रंग व तापमान बदलते, घाम अधिक येतो. हा वेदनेचाच एक विकार असून तो मनाचा खेळ नाही. लवकर ओळखल्यास भौतिकोपचार व औषधांनी त्यात सुधारणा होऊ शकते.

न दुखणारे पाऊल

सर्वांत कठीण परिस्थिती मात्र वेदना नसलेल्या पावलाची असते. डॉ. पॉल ब्रँड १९४६ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले. कुष्ठरोगात बोटे 'झडतात' असा समज तेव्हा रूढ होता. ब्रँड यांनी दाखवून दिले की, संवेदना गेल्यामुळे नकळत होणाऱ्या आणि दुर्लक्षित राहणाऱ्या जखमांनी हातापायांची हानी होते. वेल्लोरमधील त्या कामातून बधिर पावलांसाठी मऊ रबराची पादत्राणे पुढे आली. आज औषधांच्या दुकानांत 'एमसीआर' या नावाने मिळणाऱ्या चपलांमागे हाच विचार आहे.

हेच सूत्र मधुमेहाला लागू पडते. दीर्घकालीन मधुमेहात पावलांची संवेदना मंदावते. त्यामुळे शस्त्रक्रियेनंतर टाका उसवला, प्लॅस्टर घासून जखम झाली किंवा स्क्रू सैल झाला तरी रुग्णाला ते कळत नाही. अशा रुग्णाने स्वतः किंवा घरातील कोणी आरसा धरून तळवे व बोटांच्या बेचक्या रोज तपासाव्यात. दोन्ही पावलांच्या तापमानात सुमारे २ अंश सेल्सिअसपेक्षा अधिक फरक आढळला तर डॉक्टरांना दाखवावे. मधुमेह्याचे पाऊल एकाएकी लाल, उष्ण व सुजलेले दिसत असून फारसे दुखत नसेल तर 'शार्को' विकाराची शंका घ्यावी लागते. फ्रेंच चेतातज्ज्ञ ज्याँ-मार्तें शार्को यांनी १८६८ मध्ये वर्णन केलेल्या या विकारात हाडे मऊ होऊन कोसळतात. अशा पावलावर चालत राहिल्यास त्याचा आकार कायमचा बिघडतो. मधुमेह्याच्या बाबतीत डॉक्टरांनी दिलेली भार न टाकण्याची मुदत सामान्य रुग्णापेक्षा लांब असते, ती याच कारणाने.

काही रूढ गैरसमज

भात किंवा आंबट खाल्ल्याने जखमेत पू होतो, या समजुतीला आधार नाही. उलट जखम भरण्यास प्रथिने लागतात. डाळी, दूध, अंडी, मासे किंवा कडधान्ये आहारात पुरेशी असावीत. 'ड' जीवनसत्त्वाची कमतरता असल्यास ती तपासून भरून काढावी. हाड जुळण्याच्या काळात हाडवैद्याकडून चोळून घेतल्याने जुळत आलेले हाड सरकू शकते. बसवलेले स्क्रू व पट्ट्या काढाव्याच लागतात, हेही खरे नाही. त्या टोचत नसतील तर बहुधा तशाच राहू दिल्या जातात.

पावलाच्या शस्त्रक्रियेचे यश केवळ क्ष-किरण चित्रात शोधता येत नाही. ते रुग्ण किती अंतर, कोणत्या पादत्राणांत आणि किती विश्वासाने चालतो यावर ठरते. त्यासाठी पहिल्या दोन आठवड्यांत पाऊल उंच ठेवण्याचा कंटाळा न करणे, सहा आठवडे भाराविषयीची शिस्त पाळणे आणि पुढचे सहा महिने व्यायाम न सोडणे या तीन गोष्टी रुग्णाच्या हाती असतात. त्या पाळल्यावरही नवे, वाढते किंवा अनपेक्षित दुखणे जाणवले, तर ते सोसत बसू नये. वेळीच डॉक्टरांना दाखवले तर पुष्कळसे नुकसान टाळता येते.